नवी पद्धत रुजवायची तर जुनं पावतीबुक काट्याजवळून उचला

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, वजनकाट्याची नोंद कॉम्प्युटरवर आणली, तरी लोक हळूच जुन्या पावतीबुकावर परततात. कारण ते काट्याशेजारी, कार्बनसकट, हाताशीच पडलेलं असतं.

१. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा बदल नको. आवक मंदावल्यावर, एकाच काट्यावर सुरू करा.
२. कॉम्प्युटरवरची पहिली पावती मुनीमजींना काढायला लावा, शेठच्या इंजिनिअर पोराला नव्हे. मुनीमजी वळले की निम्मं काम झालं.
३. कोरी पावतीबुकं मोजून कपाटात, किल्ली एकाकडेच. वीज गेली तरच एक बुक बाहेर. त्या पावत्या त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरवर चढवायच्या.

हमालीचा हिशेब असतो त्या दिवशी मात्र सुरुवात करू नका. मजुरीत दहा रुपयांचा घोळ झाला, तरी खापर कॉम्प्युटरवरच फुटतं.