शेवटच्या दिवसांची तयारी: वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

कर्करोगाच्या वॉर्डात नवीन स्टाफ आला की मी आधी एकच सांगते: मरणाची तयारी दुपारी करायची, रात्री नाही. रात्री दोनला पेशंटला धाप लागते, ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर त्याला ओळखत नाही, केस पेपर कोरा. मग तो श्वासाची नळी घालणारच. त्याचा काय दोष?

म्हणून तब्येत उतरतीला लागली की दिवसाउजेडी नातेवाइकांना खुर्चीवर बसवून बोला, पॅसेजमध्ये उभ्याउभ्या नको. थोरला मुलगा हमखास म्हणतो, "आईला काही सांगू नका." वाद घालू नका. "आईंनी स्वतः काही विचारलं का?" एवढंच विचारा. आमच्याकडे एका आजींची मुलं बाहेर कुजबुजत होती, तोवर आजींनी पाटल्या काढून कुठली कुणाला हे सुनेला सांगूनही टाकलं होतं. जे ठरेल ते, म्हणजे आयसीयू हवं की नको, घरी जायचंय का, रात्री फोन कुणाला करायचा, हे डॉक्टरांकडून सहीनिशी केस पेपरवर उतरवून घ्या.

"आता करण्यासारखं काही नाही" हे वाक्य मात्र वॉर्डात नको. वेदनेवर तोंडी मॉर्फिन दर चार तासांनी घड्याळ लावून देतात, "दुखलं तर द्या" असं नाही. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने, वय झालेलं असेल किंवा किडनी कमजोर असेल तर कमी. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय ना, ते बघा. हेच सर्रास राहून जातं. गिळता येईनासं झालं की कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई लावून औषध देता येतं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळणं सोपं झालं, पण कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते हे तुम्हालाच माहीत हवं.

घशात घरघर लागली की घरचे घाबरतात आणि सक्शन, म्हणजे नळीने घशातला स्राव ओढून काढणं, मागतात. सारखं सक्शन केल्याने त्रासच होतो. कुशीवर वळवा, डोकं जरा उंच करा, डॉक्टरांना विचारून स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट द्या. आणि "उपाशी मारताय का?" हा प्रश्न येणारच. या टप्प्यावर शरीर अन्न मागत नाही, बळेबळे चमच्याने भरवलं तर ठसका लागतो, हे शांतपणे समजवा आणि ओल्या कापसाने ओठ भिजवायचं काम त्यांच्याच हातात द्या. गंगाजलाचा थेंब ओठांना लावू द्या की, त्याने कुणाचं काय बिघडतं!

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. व्हेंटिलेटर काढायचा तर रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं आणि नातेवाइकांची लेखी संमती लागते. कुणाच्या तोंडी सांगण्यावरून हात लावू नका. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं हा गुन्हाच आहे, आणि वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन त्यात मोडत नाही.

गावी न्यायचं म्हणणारे पुष्कळ. त्यांना नुसत्या 'डामा'वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय या कागदावर, सही घेऊन वाटेला लावू नका. औषधं, ती द्यायची कशी हे दाखवणं आणि आजार स्पष्ट लिहिलेला डिस्चार्ज कागद, इतकं हवंच. तो कागद नसला की गावातला डॉक्टर मृत्यूचा दाखला द्यायला कचरतो आणि घरच्यांची भलत्या वेळी धावपळ होते.

हे काम शिकायचं असेल तर मुंबईत टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा) विभाग आहे, वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारजेला सिप्लाचं केंद्र आहे. परवानगी काढून एखादा दिवस तिथे बसून या, आणि मॉर्फिनचं रजिस्टर कसं ठेवतात तेही बघून या.