सोसायटीतल्या झाडांची पावसाळापूर्व छाटणी: झाड बोडकं न करता काम कसं करावं

मार्च उजाडला की सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे फोन सुरू होतात आणि मागणी बहुधा एकच असते: "झाड फार वाढलंय, बोडकं करून द्या." पुण्या-मुंबईत चार माणसं, दोन चेन सॉ आणि भाड्याचा टेम्पो एवढ्यावर छाटणीचा धंदा करायचा असेल, तर सगळ्यात आधी या मागणीला नाही म्हणायला शिका. बोडकं केलेलं झाड दोन पावसाळ्यांत पूर्वीपेक्षा दाट होतं. तोडलेल्या टोकाखालून फुटवे झुपक्याने येतात. ते सालीलगतच्या थरातून निघालेले असतात, त्यामुळे त्यांची पकड वरवरचीच असते, आणि त्याच वेळी मूळ टोक आतून कुजत जातं. फुटवे मनगटाएवढे झाले की जोराच्या वाऱ्यात बुडापासून उपटून खाली येतात. ज्या गाड्या वाचवायला तुम्हाला बोलावलं होतं, त्यांच्यावरच.

पाहणी मार्चच्या आधी

पाहणी शक्यतो डिसेंबर-जानेवारीत उरका. मार्च-एप्रिलमध्ये गुलमोहर निष्पर्ण असतो, मग वाळकी फांदी आणि जिवंत फांदी खालून सारखीच दिसते. पानं असताना वाळकी फांदी लगेच नजरेत भरते. तेव्हाच फोटो काढून त्यावर आकडे टाकून ठेवा. उशिरा बोलावणं आलंच तर वर चढल्यावर फांदीची साल नखाने खरवडा. खाली हिरवट ओल दिसली तर फांदी जिवंत आहे.

सुरुवात बुंध्यापासून करा, नजर वर नंतर जाऊ द्या. जमिनीलगत फळीसारखी चिकटलेली तपकिरी, चकचकीत अळंबी दिसली तर ती बहुधा गॅनोडर्मा असते आणि मुळं कुजायला लागल्याचं सांगते. बुंध्याभोवतीची फरशी एका बाजूने उचलली आहे का, दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात साल आत दबली आहे का, हेही बघा. लाकडी हातोड्याने बुंध्यावर फूट-फूट अंतराने ठोकत गोल फिरा. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ जागी ढबढब ऐकू येतं. ढोली असेल तर पातळ सळईने खोली मोजा. ढोबळ आडाखा असा, की बाहेरचं निरोगी लाकूड त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी हवं. ६० सेमी व्यासाच्या बुंध्याला सगळीकडून १० सेमी. ढोलीचं तोंड एका बाजूला मोठं उघडं असेल तर एवढंही पुरत नाही. अशा झाडाबद्दल "छाटून सुरक्षित करून देतो" असं सांगू नका. सोसायटीला पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी कळवायला लावा.

दरपत्रक झाडागणिक नको, फांदीगणिक लिहा. उदाहरणार्थ: "झाड क्र. ३, पर्जन्यवृक्ष, छातीच्या उंचीवर घेर २१० सेमी. फांदी अ: बी विंगच्या गॅलरीकडची, जाडी १८ सेमी, टोकाकडून ३ मीटर आखूड. फांदी ब: वाळलेली, खोडापासून पूर्ण." कामाच्या दिवशी प्रत्येक गॅलरीतून कोणीतरी "ती पण काढा" असं ओरडतं, आणि तेव्हा हा कागदच उपयोगी पडतो. दर काढताना मजुरी, पेट्रोल, साखळ्या आणि दोराची झीज सगळे धरतात, पण टेम्पोच्या फेऱ्यांत हमखास चुकतात. पानांसकट फांद्यांना वजन कमी आणि जागा फार लागते. आडवंतिडवं भरलं तर एका झाडाला दोन फेऱ्यांच्या चार होतात. बुडं एकीकडे, शेंडे दुसरीकडे असं रचून, बेचकी मोडून भरलं तर फेऱ्या निम्म्यावर येतात.

परवानगी आणि घरटी

महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना विशेष संरक्षण मिळालं आहे. छाटणीचा अर्ज उद्यान विभागात किंवा वॉर्ड ऑफिसात सोसायटीच्या लेटरहेडवर, सोसायटीच्याच सहीने जायला हवा. ठेकेदाराने स्वतःच्या नावाने करू नये. परवानगीच्या पत्रात झाडं किती, छाटणी कुठवर आणि मुदत काय, हे वाचा आणि प्रत कामाच्या जागी ठेवा. पत्रात छाटणी लिहिली असेल तर एकही झाड बुंध्यातून जाता कामा नये.

सॉ काढण्याआधी दहा मिनिटं दुर्बिणीने शेंड्यांकडे बघा. एप्रिल ते जून कावळ्यांची घरटी असतात. पर्जन्यवृक्षांवर बगळ्यांची वसाहत पावसाळ्यात बसते, म्हणून रखडलेलं काम जुलैवर ढकलणं वाईट. घरट्यांना आणि अंड्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. घरटं दिसलं तर ती फांदी यादीतून काढा आणि दरपत्रकातही तसं लिहा. आग्या मोहोळ दिसलं तर त्या झाडाचं काम त्या दिवशी बंद. सॉच्या आवाजाने आणि हादऱ्याने माश्या उठतात, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

वीजवाहिनीच्या ३ मीटरच्या आत माणूस, हत्यार किंवा पडणारी फांदी जाणार असेल तर वीज कंपनीकडून लेखी शटडाऊन घ्या आणि लाइनमन जागेवर येऊन 'बंद आहे' म्हणेपर्यंत कोणी चढू नये. ओली फांदी वीज वाहते. शटडाऊन असतानाही एखाद्या इमारतीच्या जनरेटरची वीज उलटी तारेत येऊ शकते, हे लाइनमनला आठवणीने विचारा.

माणसं आणि दोर

वर चढणारा एक, दोर सांभाळणारा एक, फांद्या ओढणारा एक, आणि चौथा फक्त रस्त्यावर लक्ष ठेवणारा. या चौघांत चढता येणारा दुसरा माणूस खाली असायलाच हवा. वरचा जखमी किंवा बेशुद्ध झाला तर हार्नेसमध्ये लटकत ठेवणं जिवावर बेततं, त्याला काही मिनिटांत खाली आणावं लागतं. जखमेवर दाबून बांधायच्या मोठ्या पट्ट्या खाली ठेवा. १०८ ला फोन कोण करणार, हे सकाळीच ठरवा. मजुरांसाठी कर्मचारी नुकसानभरपाईचा विमा काढा. चार माणसांच्या धंद्याला एकच अपघात पुरतो.

चढणाऱ्याचा दोर फक्त चढायला. त्या दोराने फांदी उतरवायची नाही. सॉ हातात असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा: मुख्य दोर आणि कमरेला पोलादी गाभ्याचा पट्टा. सॉ घसरली तर साधा दोर क्षणात तुटतो. बाजारात मिळणारा पिवळा-निळा पॉलीप्रॉपिलीन दोर स्वस्त असतो, पण घर्षणाने वितळतो आणि उन्हात ठिसूळ होतो. गाडीवर ताडपत्री बांधायला तो ठीक आहे. फांदी उतरवायला १६ मिमी नायलॉन घ्या. नव्या दोराची तुटण्याची ताकद साधारण ५ टन असते, पण काम दहाव्या हिश्शावर, म्हणजे ५०० किलोपर्यंतच करा. गाठीपाशी ताकद एक तृतीयांशाने तरी घटते.

वजन डोळ्यांनी ठरवू नका. ओलं लाकूड घनमीटरला एक टन धरा. म्हणजे २० सेमी जाडीचा एक मीटर तुकडा ३० किलोच्या वर आणि ३० सेमीचा ७० किलो. त्यात फांदी पडून दोराला झटका बसला तर भार कित्येक पट होतो, आणि वरच्या बेचक्यावर किंवा पुलीवर तर जवळजवळ दुप्पट, कारण दोराची दोन्ही टोकं तिला खाली ओढतात. म्हणून दोर टाकायची बेचकी तोडायच्या फांदीच्या वर, जिवंत आणि जाड निवडा. खालच्या माणसाने दोर बुंध्याला दोन-तीन फेरे घालून धरावा, हाताला कधीच गुंडाळू नये. फांदी सुटल्यावर दोर एकदम न आवळता थोडा सोडत थांबवायचा, म्हणजे झटका विरतो. हे शिकायला छोट्या फांद्यांवरच सराव लागतो.

काप कुठे घ्यायचा

फांदी खोडातून निघते तिथे सुजल्यासारखा उंचवटा असतो. त्याला कॉलर म्हणतात. झाड जखम बंद करतं ते याच भागातून. अमेरिकी वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याभोवती भिंत घालतं आणि वरून नवं लाकूड वाढवतं. कॉलर कापली तर भिंत घालणारा भागच गेला. कॉलरपासून वीतभर खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कूज आत नेतो. काप कॉलरच्या अगदी बाहेर घ्या.

मनगटापेक्षा जाड फांदी एका कापात तोडलीत तर ती तुटताना खालची साल खोडावरून सोलत नेते, म्हणून तीन काप घ्या. पहिला खालून, खोडापासून ३० ते ४५ सेमीवर, जाडीच्या पाव भागापर्यंत. याहून खोल गेलात तर सॉ अडकते. दुसरा वरून, पहिल्यापेक्षा ५ सेमी बाहेर. इथे फांदी तुटून जाते. उरलेल्या हलक्या खुंटाला हाताने आधार देऊन तिसरा काप कॉलरबाहेर. वर्षभराने जखमेभोवती पूर्ण गोल कडं उमटलं असेल तर काप बरोबर होता. फक्त डावी-उजवीकडे ओठासारखे दोन पट्टे आले आणि वर-खाली काहीच नाही, तर कॉलर कापली गेली.

फांदी आखूड करायची तर मध्येच छाटू नका. मागे येऊन अशा उपफांदीपाशी थांबा जिची जाडी तोडायच्या भागाच्या एक तृतीयांश तरी आहे. ती नवं टोक होते, फुटव्यांचा झुपका येत नाही. एका वर्षी पालवीच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नका, आणि म्हाताऱ्या किंवा मुळं तुटलेल्या झाडाची वाळकी फांदीच तेवढी घ्या. पर्जन्यवृक्षावर एक चूक फार दिसते. आतल्या बारीक फांद्या हाताशी असतात म्हणून त्या साफ करतात आणि लांब आडव्या फांदीच्या टोकाला झुपका उरतो. सगळं वजन टोकाला गेल्याने फांदी वाऱ्यात जास्त झुलते आणि मधूनच मोडते. टोक हलकं करा, आतलं राहू द्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि लवकर कुजतं, त्यामुळे तिथे १० सेमीपेक्षा मोठी जखम शक्यतो टाळा.

जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट लावायचा आग्रह सोसायटी धरते. लावू नका. ओल आत कोंडते आणि खाली कूज वाढते.

नारळाची गोष्ट निराळी. त्याला एकच कोंब, तो गेला की माड गेला. आडव्या रेषेच्या खाली लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्या आणि नारळ तेवढे काढा, हिरव्या झावळ्या काढून शेंडी करू नका. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. कोकण-गोव्यातला जाणता पाडेली मिळाला तर हे काम त्यालाच द्या.

सॉ

तीन इंचांपर्यंत वळणदार हातकरवत वापरा. झाडावर ती सॉपेक्षा लवकर काम उरकते आणि सुरक्षित असते. सॉसाठी दर लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक तेल घाला, म्हणजे ५०:१. कंपनीने दुसरं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि मिश्रण लवकर बिघडतं. दोन आठवड्यांपुरतंच बनवा, आणि पावसाळ्यात सॉ ठेवून देताना टाकी व कार्ब्युरेटर कोरडे करा.

कापातून बारीक भुसा यायला लागला की साखळी बोथट झाली. धारदार साखळी चिपा काढते. ३/८ इंच लो-प्रोफाइल मापाच्या साखळीला ४ मिमी, .३२५ इंच मापाच्या साखळीला ४.८ मिमी गोल कानस लागते. कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन फटके, आतून बाहेर. एका बाजूला जास्त घासलं तर काप त्या दातांप्रमाणे वाकडा जातो. तीन-चार वेळा घासल्यावर दातापुढच्या उंचवट्याची उंची गेजने (मोजपट्टीने) तपासा, ती दातापेक्षा ०.६५ मिमी खाली हवी. फार खाली गेली तर साखळी लाकडात रुतून झटके देते. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, सॉ तिथूनच उलटून तोंडावर येते. म्हणून एका हाताने चालवणं आणि खांद्याच्या वर कापणं, दोन्ही बंद.

लाकूड आणि दुसरी फेरी

लाकूड कोणाचं, ते दरपत्रकातच लिहा. साग असेल तर वन खात्याच्या वाहतूक परवान्याशिवाय हलवू नका. मुंबईत बेकऱ्यांकडे जाणाऱ्या लाकडाचा भरवसा आता धरू नका. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकडा-कोळशावरच्या भट्ट्या गॅससारख्या स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले आहेत. सोसायटीत जागा असेल तर पाला आणि अंगठ्याएवढ्या काड्या बारीक करून झाडाच्या आळ्यात तीन-चार इंच पसरा, बुंध्यापासून हातभर लांब.

दरपत्रकात ऑक्टोबरची एक फेरी आधीच लिहून ठेवा. पावसाळ्यात आलेल्या फुटव्यांतला एखादा नीट दिशेचा ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हातकरवतीने काढा. तासाभराचं काम असतं, दोर लावून उतरवायला काही नसतं, आणि पुढच्या जानेवारीच्या पाहणीची यादी तिथेच अर्धी तयार होते.