कामावरची शिडी: पडणे टाळण्यासाठी आणि पडल्यावर

टेकवून लावायच्या शिडीचा माथा ४ मीटर उंचीवर टेकत असेल, तर तिचे पाय भिंतीपासून १ मीटरवर ठेवावेत, आणि गच्चीवर उतरायचे असल्यास ती कडेच्या वर किमान १ मीटर जाऊ द्यावी. चढण्यापूर्वी पायांचे रबर उलटून पाहावे. ते झिजून गुळगुळीत झाले असेल, तर ओल्या फरशीवर शिडी सरकते, आणि खाली पोते अंथरणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे. बाजूला झुकून काम उरकू नये, उतरून शिडीच हलवावी.

कोणी पडलेच, तर त्याला चटकन उठवून बसवण्याची आपली सवय घातक आहे. मान किंवा पाठ दुखत असल्यास त्याला न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. भरपाई मागताना तीच कामी येते.