कोकणातील छोट्या शेतीसाठी जुना राउंड बेलर घेताना

राउंड बेलर जमिनीवर ओळीने पडलेला पेंढा किंवा गवत उचलून त्याचे गोल गठ्ठे बांधतो. त्यामुळे जुने यंत्र पाहायला निघण्यापूर्वी आपल्या शेतात पेंढा तसा पडतो का, याचा विचार आधी करावा. भात विळ्याने कापून खळ्यावर झोडले जात असेल, तर पेंढा पेंढ्या बांधलेल्या स्थितीत खळ्यातच राहतो आणि बेलरला फारसे काम उरत नाही. हार्वेस्टरने कापणी होणारी खाचरे आणि वरकस जमिनीवरचे यंत्राने कापलेले गवत, हीच त्याची खरी कामे आहेत. शिवाय वर्षातले थोडेच दिवस चालणारे हे यंत्र एकट्याच्या दोन-तीन एकरांसाठी घेण्यापेक्षा वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या बेलरचा गठ्ठा दोनशे किलोच्या वर जातो आणि तो हलवायला लोडर लागतो. बांधाबांधाच्या खाचरांत त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे साधारण दोन फूट व्यासाचा, वीस-पंचवीस किलोचा, एका माणसाला उचलता येईल असा गठ्ठा बांधणारा छोटा बेलरच पाहावा. त्यालाही बहुतेक वेळा 35 अश्वशक्तीच्या आसपासचा, पीटीओवर, म्हणजे मागे जोडलेले यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्यावर, मिनिटाला 540 फेरे देणारा ट्रॅक्टर लागतो. फळबागेसाठी घेतलेला अगदी छोटा ट्रॅक्टर पुरेल असे गृहीत न धरता यंत्रावरची पाटी वाचावी. खाचरात शिरण्याची वाट आणि वळायला मिळणारी जागा दोरीने मोजून ठेवावी, कारण ट्रॅक्टर व बेलर मिळून लांबी बरीच होते.

कोकणातला जुना बेलर असेल, तर तपासणीची सुरुवात गंजापासून करावी. वर्षाला 3000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यात खाडीकाठची खारी हवा, अशा ठिकाणी गठ्ठा तयार होतो त्या पोकळीत ओला पेंढा अडकून राहिला असेल, तर त्याच्याखालचा पत्रा आतून खाल्लेला असतो. नवा रंग दिसला तर समाधान मानू नये. मागचा दरवाजा उघडायला लावून, तो आधाराने अडकवल्यावरच आत पाहावे, कोपऱ्यातला भुसा काढावा आणि पत्र्यावर पान्याने हलके ठोकून पाहावे. त्यानंतर प्रत्येक रोलर दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावा. तो खडखडला, तर बेअरिंग गेले आहे किंवा दांडा झिजला आहे. बेअरिंग बदलणे स्वस्त असते, पण झिजलेला दांडा लेथवर न्यावा लागतो, आणि हा फरक सौदा करताना मोठा ठरतो. बेअरिंगभोवती रंग जळून काळा पडलेला दिसला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण तापलेले बेअरिंग सुक्या पेंढ्याला आग लावू शकते. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दाते एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील, तर केवळ नवी चेन घालून भागत नाही, दोन्ही बदलावे लागतात. पेंढा उचलणारे तारेचे दाते मात्र तुटलेले असले तरी घाबरू नये. ते सहज बदलता येतात.

एवढे झाले तरी यंत्र चालताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हंगाम नसताना विक्रेता पेंढा नसल्याचे सांगेल, म्हणून आपल्याच उडवीतला कोरडा पेंढा टेम्पोत घालून न्यावा आणि शेतात ओळीने पसरावा. निदान दहा गठ्ठे सलग बांधून घ्यावेत. बहुतेक जुन्या यंत्रांचा दोष सुतळी गुंडाळण्याच्या वेळी कळतो: गठ्ठा भरल्याची खूण मिळाल्यावर पीटीओ चालूच ठेवून ट्रॅक्टर जागी थांबवला की सुतळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतराने गेली पाहिजे आणि सुरीने एकाच वेळी तुटली पाहिजे. गठ्ठा कमरेइतक्या उंचीवरून टाकून पाहावा. तो सुटला नाही, तर दाब ठीक आहे. पेंढा अडकल्यास पीटीओ आणि इंजिन बंद करून किल्ली काढल्याशिवाय कोणालाही हात घालू देऊ नये, आणि पीटीओ दांड्यावर आवरण नसेल, तर त्याची किंमत सौद्यातून वजा करावी.

मूळ बिल, यंत्राचा क्रमांक आणि बँकेचा बोजा नसल्याचा कागद मागावा. यंत्र अनुदानातून घेतलेले असेल, तर विक्रीवर काही अट आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. चेन, बेअरिंग आणि शिअर बोल्ट (जास्त ताण आला की स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट) चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा जवळच्या बाजारात मिळतात का, याची खात्री सौद्यापूर्वीच करावी, कारण ऐन कापणीत आठवडाभर सुटा भाग मिळाला नाही तर पेंढा भिजतो.

यंत्र घाटमाथ्यावरून आणायचे असेल, तर कुंभार्ली किंवा आंबा घाटातून ते ट्रॅक्टरमागे ओढत आणू नये. टेम्पोचे भाडे किमतीत धरून ते चढवून आणावे आणि निघण्यापूर्वी मागचा दरवाजा साखळीने घट्ट बांधावा.