जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंटचा बूटेबल पेनड्राइव्ह

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ चालत नाही एवढ्यासाठी धडधाकट लॅपटॉप भंगारात जाताना पाहून जीव तुटतो. त्यातल्या बहुतेकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम छान चालते.

बूटेबल, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू करता येईल असा पेनड्राइव्ह बनवायचा आहे. त्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातले फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एकाच फाइलमध्ये बांधलेलं) उतरवून घ्या, आणि विंडोजवर रुफस हे मोफत सॉफ्टवेअर. आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट केली तर लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही. सुरू होताना लॅपटॉप ठरावीक जागी ठेवलेली बूट फाइल शोधतो, आणि ती तर आयएसओच्या पोटात बंद असते. रुफस ती बाहेर काढून जागेवर मांडतो.

रुफसमध्ये आयएसओ निवडली की शेजारचं बरोबरच्या खुणेचं छोटं बटण दाबा. एसएचए-२५६ नावाची अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ दिसेल. ती मिंटच्या साइटवर दिलेल्या ओळीशी जुळवा. एकही अक्षर वेगळं दिसलं तर फाइल पुन्हा उतरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कृपा करून गाळू नका. डाउनलोड अर्धवट राहिलं असेल तर इथेच कळतं. शिवाय २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्याच साइटमध्ये घुसून हॅकरांनी डाउनलोडची लिंक बदलली होती, आणि त्या दिवशी काही लोकांच्या हाती चोरवाट ठेवलेली आयएसओ पडली होती.

पार्टिशन स्कीम, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या जागेच्या विभागणीची पद्धत, यूईएफआयच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या नव्या प्रणालीच्या) मशीनसाठी जीपीटी ठेवा, जुन्या बायोस प्रणालीसाठी एमबीआर. वरच्या यादीत आपलाच पेनड्राइव्ह निवडलाय ना, हे पुन्हा पाहा आणि मग स्टार्ट दाबा. आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं तर आयएसओ मोड घ्या. त्याने बूट झालं नाही, म्हणजे लॅपटॉप सुरू झाला नाही, तरच डीडी (यात आयएसओ पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिली जाते). डीडीनंतर विंडोज पेनड्राइव्ह ओळखत नाही, फॉरमॅट करायला सांगतं. पेनड्राइव्ह खराब झालेला नसतो, तेव्हा घाबरू नका. काम झाल्यावर रुफसमधूनच ‘नॉन बूटेबल’ निवडून तो पूर्ववत करता येतो.

आता पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा: डेल, लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच उघडेल. इन्स्टॉल करण्याआधी वाय-फाय, आवाज, टचपॅड सगळं चालवून बघा. तोवर लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्काही लागत नाही.