ग्रॅमचे आधी मोल करा: रसायनशास्त्रातली गणितं सोडवण्याची पद्धत

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना आम्लयुक्त सांडपाणी बाहेर सोडण्याआधी उदासीन करावं लागतं. त्यासाठी चुना हा स्वस्तातला उपाय. आता किती आम्लाला किती चुना लागेल? अकरावीच्या पेपरातलं गणितही साधारण हेच विचारतं. समजा, हायड्रोक्लोरिक आम्ल ३६५ ग्रॅम आहे.

आकडेमोडीला हात घालण्याआधी समीकरण संतुलित करा. चुन्याच्या, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या १ रेणूला आम्लाचे २ रेणू लागतात. त्यातून कॅल्शिअम क्लोराइडचा १ आणि पाण्याचे २ रेणू मिळतात. बहुतेकांचे गुण जातात ते इथेच, गुणाकारात नव्हे.

मग रेणुवस्तुमानं काढा. आम्लाचं १ + ३५.५ = ३६.५. चुन्याचं ४० + २ × (१६ + १) = ७४. कंसाबाहेरचा २ ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोघांनाही लागू होतो. तो विसरलात, तर ५७ येतात आणि पुढचं सगळंच फसतं.

आता ग्रॅमचे मोल करा. मोल हे रेणू मोजायचं एकक; रेणुवस्तुमानाच्या आकड्याइतके ग्रॅम म्हणजे १ मोल: ३६५ ÷ ३६.५ = १० मोल. समीकरणातलं २ : १ हे प्रमाण रेणूंचं, म्हणजेच मोलांचं आहे, ते थेट ग्रॅमना लावून ३६५ चे निम्मे करू नका. १० मोल आम्लाला ५ मोल चुना लागेल, म्हणजे ५ × ७४ = ३७० ग्रॅम.

पडताळा घ्यायला मिनिटभरही लागत नाही, तरी तो कुणी घेत नाही. कॅल्शिअम क्लोराइड ५ × १११ = ५५५ ग्रॅम आणि पाणी १० × १८ = १८० ग्रॅम, एकूण ७३५. सुरुवातीचे ३६५ + ३७० सुद्धा ७३५च.

दोन्ही पदार्थांचं वजन दिलं असेल, तर आधी कोण संपतो ते शोधा. वरच्या गणितात चुना २२२ ग्रॅमच असता, तर तो ३ मोल भरला असता आणि ६ मोल आम्लालाच पुरला असता. उरलेलं ४ मोल, म्हणजे १४६ ग्रॅम आम्ल तसंच राहिलं असतं. अशा वेळी उत्पादितांचा हिशोब संपणाऱ्या पदार्थावरूनच करायचा.

वायूच्या गणितात २२.४ लिटर हा आकडा डोळे झाकून वापरू नका. तो ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाचा आहे. त्याच दाबाला, ठाण्यातल्या ३० अंशांच्या वर्गात १ मोल वायू सुमारे २४.९ लिटर जागा घेईल.