थंडगार बाथरूमला फरशीखालून ऊब

ब्रिटनमधल्या बाथरूममध्ये ४ चौरस मीटर मोकळ्या फरशीला ६०० वॉटची हीटिंग मॅट (जाळीवर बसवलेली, विजेने तापणारी केबल) पुरते. चौरस मीटरला १५० वॉट. आधी काँक्रीटवर १० मिमीचा इन्सुलेशन बोर्ड चिकटवा, नाहीतर ऊब खालीच मुरते. मॅट वळवताना फक्त जाळी कापा, केबल कधीच नाही. केबलवर केबल चढली तर तिथेच जळते. तापमान मोजणारा सेन्सर दोन केबलींच्या मधोमध, नळीत सरकवा. बिघडला तरी टाइल फोडावी लागत नाही.

मल्टिमीटरने केबलचा रोध तीनदा मोजा: अंथरण्याआधी, अंथरल्यावर, टाइल बसल्यावर. कंटाळवाणं खरं, पण तुटलेली केबल टाइलखाली गाडली जाण्यापेक्षा बरं! २३० व्होल्टवर चालणाऱ्या या मॅटचे साधारण ८८ ओहम यायला हवेत. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच, ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवर (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). अ‍ॅडहेसिव्ह पूर्ण सुकण्याआधी मॅट चालू केलीत तर टाइल सुटतात.